भिंतीत आणि फरशीखाली पाइपांची ओल: टाईल फोडण्याआधी आणि फोडल्यावर

बाथरूमच्या पाठीमागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, खाली पांढरा लोणा फुटतो. मग रंगारी येतो. तो खरवडतो, 'वॉटरप्रूफ' पुट्टी ओढतो, रंगाचे दोन हात देतो, आणि काही महिन्यांत डाग पुन्हा त्याच जागी हजर. रंगाऱ्याला काय दोष द्यायचा? त्याला भिंत दिसते, आतलं पाणी दिसत नाही. दुसऱ्या टोकाला प्लंबर असतो. तो दारातूनच सांगतो, "सगळं फोडावं लागेल." बऱ्याच घरांत यातलं काहीच करायची गरज नसते, निदान लगेच तरी नसते. आधी एवढंच ठरवायचं असतं की भिंतीत येतंय ते पाणी कुठलं आहे. ते ठरलं की किती फोडायचं, कुणी फोडायचं आणि खर्च कुणाचा, हे आपोआप ठरतं.

हा क्रम मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या, गच्चीवरच्या टाकीतून पाणी येणाऱ्या आणि भिंतीत पाइप गाडलेल्या फ्लॅटना धरून आहे. तळमजला आणि रो-हाऊसचं थोडं वेगळं असतं, ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी वीज

स्विचबोर्डाच्या कडेनं रंग फुगला असेल किंवा गीझरच्या पॉइंटजवळ भिंत दमट लागत असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. वायरिंगच्या पाइपात पाणी शिरलं की ते उतारानं वाहत जाऊन भलत्याच खोलीतल्या बोर्डात निघतं. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) वारंवार पडत असेल तर 'खराब झालाय' म्हणून तो बायपास करून घेऊ नका. बहुतेक वेळा तो स्वतःचं कामच करत असतो.

डागाची नोंद ठेवा

डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच करा. डाग वाढतोय, तसाच आहे की आकसतोय, हे नजरेच्या अंदाजानं कळत नाही.

डागाच्या जागेवर मात्र फार विसंबू नका. विटा आणि प्लास्टर पाणी वरही ओढतात, त्यामुळे जमिनीलगतची गळती दोन-तीन फूट वर दिसू शकते. स्लॅबमध्ये पाणी उतार, भेग किंवा वायरिंगचा पाइप पकडून जातं आणि खालच्या फ्लॅटमध्ये थेट पंख्याच्या हुकातून ठिबकतं. ठिबकतं तिथेच वर गळतंय, असं धरून टाईल फोडणारे पुष्कळ आहेत.

आता एक सोपा प्रश्न. घर आठवडाभर बंद होतं, तेव्हा डाग वाळला का? दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतला अनुभव आठवून बघा. गणपतीची सुट्टी इथे कामाची नाही, तेव्हा पाऊसही असतो. वापर बंद असताना डाग वाळला, तर पाणी सांडपाण्याच्या पाइपातलं किंवा फरशीच्या सांध्यांतलं असण्याची शक्यता जास्त. बंद घरातही ओल तशीच राहिली, तर दाबाची लाईन, शेजाऱ्याचं पाणी किंवा इमारतीचा बाहेरचा पाइप, यांतलं काहीतरी.

पाण्याचे स्वभाव

दाबाच्या लाईनची, म्हणजे नळापर्यंत येणाऱ्या पाइपची गळती चोवीस तास चालू असते. वापरा, नका वापरू. पाणी स्वच्छ असतं, वास नसतो, डाग झपाट्यानं पसरतो. गरम पाण्याच्या लाईनमध्ये गळती असेल तर गीझर चालू असताना टाईल हाताला कोमट लागते. सोसायटी ठरावीक वेळेलाच पाणी सोडत असेल, तर ओलीचा जोरही त्या वेळेनुसार कमी-जास्त होतो आणि लोक फसतात.

सांडपाण्याची गळती वापरानंतर काही तासांनी दिसते. पाणी पिवळसर, साबणाचं असतं. संडासच्या लाईनचं असेल तर वास लपत नाही.

तिसरं पाणी पावसाचं. ते जूनमध्ये सुरू होतं, दिवाळीपर्यंत विरतं. बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपाचा सांधा किंवा भिंतीतून पाइप बाहेर पडतो ते भोक, ही त्याची ठरलेली दारं. बाहेरच्या पाइपालगत पिंपळ उगवला असेल तर शोध जवळपास संपलाच. कोरड्या सांध्यात पिंपळ सहसा तग धरत नाही.

चौथं एसीचं. भिंतीत गाडलेल्या ड्रेन पाइपाला उलटा उतार असेल, किंवा तांब्याच्या नळ्यांवरचं काळं फोमचं वेष्टण फाटलं असेल, तर ऐन उन्हाळ्यात भिंत ओली होते. पाऊस नाही, बाथरूम लांब आहे, तरी मे महिन्यात डाग कसा? उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

ओल भिंतीच्या आतून येतेय की खोलीतली हवा भिंतीवर गार होऊन साचतेय, अशी शंका असेल तर दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतली. ओल मोजायचं मीटर घेऊन कुणी आला तर जरूर बघू द्या, पण लोणा लागलेल्या भिंतीवर ते मीटर क्षारांमुळे फुगवून आकडा दाखवतं, आणि आत लोखंडी पाइप असला तरी तेच होतं.

दाबाच्या लाईनची तपासणी

यात फोडाफोड अजिबात नाही. डक्टमध्ये (इमारतीचे उभे पाइप जातात त्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत) तुमच्या फ्लॅटला येणाऱ्या लाईनचे कॉक शोधा. बहुतेक इमारतींत प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा कॉक असतो. मुंबईकडच्या पुष्कळ इमारतींत फ्लशची टाकी आणि लाईनही वेगळी असते, तिला विसरू नका. संशय असलेल्या बाथरूमचा कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवा, अंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये करा. डाग पेन्सिलीच्या रेघेपुढे सरकायचा थांबला का, ते बघा.

यापेक्षा पक्की तपासणी गेजची. अर्ध्या इंची आट्याचा प्रेशर गेज हेल्थ फॉसेटच्या (कमोडजवळच्या हाताच्या फवाऱ्याच्या) पॉइंटला बसवायचा, सगळे नळ आणि फ्लश टाकीचा अँगल कॉक बंद करायचे आणि डक्टमधला कॉक बंद करायचा. काटा तासाभरात खाली आला तर आत कुठेतरी गळतंय. इथे एक मेख आहे. जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाहीत. मागून पाणी झिरपत राहतं, गळकी लाईनही भरलेली राहते आणि काटा हलत नाही. म्हणून आधी कॉक बंद करून एक नळ उघडा. धार पूर्ण थांबत नसेल तर आधी कॉक बदला.

गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला १ किलो) दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्यांवर दाब इतका कमी असतो की बारीक गळती गेजवर कळत नाही. अशा वेळी प्लंबरकडून हातपंपानं दाब द्या. त्याआधी गीझर सोडवून घ्या आणि त्याचे गरम-गार पॉइंट लवचीक नळीनं एकमेकांना जोडा, म्हणजे दोन्ही लाईनी एकाच वेळी तपासल्या जातात. गीझर तसाच ठेवलात तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह दाब सोडून देतो आणि गळती नसताना गळती दिसते. लाईन जुनी जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाची) असेल तर पंप जपून मारा, कुजलेला एल्बो तिथेच फुटू शकतो.

गेज पास झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. मिक्सरपासून वर शॉवरपर्यंत जाणाऱ्या पाइपात शॉवर चालू असतानाच पाणी असतं. मिक्सर बंद असताना तो तुकडा तपासलाच जात नाही. डाग फक्त अंघोळीनंतर ओला होत असेल तर शॉवर आर्मच्या मुळाकडे बघा. तो काढा, तिथे प्लग बसवा आणि मिक्सरचा वरचा रोख सुरू करून पुन्हा दाब बघा.

फोडण्याआधीच्या तीन जागा

पहिली जागा नळ आणि भिंत यांच्यामध्ये असते. टाईलच्या आत एल्बो असतो आणि नळ पुढे आणण्यासाठी पितळी एक्स्टेंशन लावलेलं असतं. हे एक्स्टेंशन हलक्या प्रतीचं असेल किंवा पान्यानं जास्त आवळलेलं असेल तर त्याला केसाएवढी चीर जाते. पाणी नळाच्या प्लेटमागून थेट भिंतीत उतरतं, बाहेर थेंबही दिसत नाही. कॉक बंद करा, नळ आणि एक्स्टेंशन काढा, भोक कापडानं कोरडं करा, एल्बोच्या आट्यात थेट प्लग लावा आणि पाणी सुरू करून टॉर्चनं आत बघा. प्लगभोवती तासभर कोरडं राहिलं तर दोष एक्स्टेंशनचाच. नवीन जाड पितळी एक्स्टेंशन, आट्यांच्या दिशेनं गुंडाळलेली टेफ्लॉन टेप, एवढ्यावर काम होतं. प्लग लावूनही आत पाणी धरलं तर एल्बो गेलाय, आणि आता कुठली टाईल काढायची हेही कळलं. नळाची प्लेट टाईलला सिलिकॉननं बंद करा, पण तळाशी अर्धा इंच उघडं सोडा. पुढेमागे गळालं तर पाणी बाहेर यायला वाट हवी.

दुसरी जागा बेसिन आणि सिंकचा वेस्ट पाइप. भिंतीतल्या मोठ्या पाइपात छोटा पाइप नुसता खुपसलेला असतो, रबरी रिंग नसते. बेसिन भरून एकदम सोडलं की पाणी उसळून भिंतीत मागे जातं. ट्रॉलीमागे हात घालून टिश्यू पेपर फिरवा, लगेच कळेल.

तिसरी जागा टाईल्सचे सांधे. पांढरं सिमेंट भरलेले सांधे पाणी पितात. खरं तर वॉटरप्रूफिंग टाईलखाली असायला हवं आणि सांध्यांवर भिस्त नको, पण जुन्या बाथरूममध्ये खालचा थर कमजोर झालेला असतो. सांधे कटरनं मोकळे करून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरला तर बरीच घरं काही वर्षं सुखात काढतात.

सांडपाण्याची तपासणी: एका वेळी एकच जागा

बादल्या ओतून 'बघू गळतंय का' असं केलं तर गळतं, पण कुठून ते कळत नाही. खालच्या थरापासून वर जा.

१. बाथरूम पूर्ण कोरडं ठेवा. नळी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात) घालून रंगीत पाणी सोडा. खाण्याचा लाल किंवा हिरवा रंग चालतो. फरशी ओली होता कामा नये. खाली रंग उतरला तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप दोषी.

२. काही उतरलं नाही तर एक दिवस थांबा. मग ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडानं घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या आत इंच-दीड इंच पाणी भरा, त्यात दुसरा रंग टाका. २४ ते ४८ तास ठेवा. आता उतरलं तर फरशी, कोपरे किंवा ट्रॅपची कॉलर.

३. तरीही खाली कोरडं असेल तर भिंतींवर शॉवर मारा, एका वेळी एकच भिंत.

खालच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी घरी असेल अशा दिवसांत हे करा आणि त्यांना आधी सांगा. रंगीत पाणी अचानक त्यांच्या छतातून आलं तर पुढचं बोलणं अवघड होतं.

जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब फूट-दीड फूट खोल असतो आणि त्यात विटांचे तुकडे किंवा कोळशाची राख भरलेली असते. हा भराव वर्षानुवर्षं पाणी साठवतो. गळती बंद केली तरी खाली काही आठवडे ठिबकत राहतं, आणि माणसं 'दुरुस्ती फसली' म्हणून प्लंबरशी भांडतात. रंगाचा उपयोग इथेही होतो. दुरुस्तीनंतर वेगळ्या रंगाचं पाणी टाका. तो रंग खाली आला नाही तर जुनंच पाणी निथळतंय.

फोडायचं ठरलं तर

दिवस निवडायचा असेल तर जानेवारी ते मे. पावसाळ्यात केलेलं वॉटरप्रूफिंग नीट वाळत नाही, आणि कंत्राटदार 'वाळलंय' म्हणून सांगतो.

जीआयचा वीस-पंचवीस वर्षांचा पाइप एका एल्बोला कुजला असेल तर बाकीचे एल्बोही त्याच वयाचे आहेत, हे ध्यानात घ्या. एक तुकडा बदलण्यापेक्षा जुनी लाईन आतच बंद करून सोडून द्यावी आणि सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) नवी लाईन टाकावी. शक्य तिथे ती डक्टमधून किंवा भिंतीवरून उघडी न्यावी. दिसायला थोडं खटकतं, पण पुढची गळती पाच मिनिटांत सापडते. माझं मत उघड्या पाइपाच्या बाजूनं आहे, इंटिरियरवाल्यांचं नसतं.

सीपीव्हीसीचे सांधे गळतात ते बहुधा घाईमुळे. पाइप काटकोनात कापा, कडेचा भुसा काढा, पाइप आणि फिटिंग दोन्ही कोरडं हवं, सॉल्व्हंट (पाइप जोडायचं चिकट द्रावण) दोन्हीकडे लावा, घालताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. मग डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. आट्यांना पितळी फिटिंग वापरा, आणि गीझरला सीपीव्हीसी थेट लावू नका, मध्ये धातूचा तुकडा असू द्या. खाचेत पाइप पकडायला मिस्त्री पीओपीचे गोळे मारतात. ते मारू देऊ नका. पीओपी पाणी धरून ठेवतं आणि लोखंडाला गंज आणतं. सिमेंटचा माल वापरा.

बंद करण्यापूर्वी हातपंपानं ७ ते १० किलो दाब देऊन किमान दोन तास, जमल्यास रात्रभर ठेवा. काटा पडला नाही तरच प्लास्टर.

पाइप जिथून आरपार जातो

ओलीची खरी जन्मभूमी हीच. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला चिकटत नाही. वाळल्यावर सिमेंट आकसतं आणि पाइपाभोवती कागदाएवढी फट राहते. उपाय जुना आणि स्वस्त आहे. स्लॅबमध्ये जाणारा पाइपाचा भाग सँडपेपरनं खरवडा, त्यावर सॉल्व्हंट लावा आणि ओलं असतानाच जाड कोरडी वाळू भुरभुरवा. वाळल्यावर पाइप खरखरीत होतो आणि माल त्याला धरतो. भोक साध्या सिमेंटनं न भरता न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा; खालून पाटी बांधा आणि एका दमात ओता. नहाणी ट्रॅपभोवतीही हेच करा.

त्यावर वॉटरप्रूफिंग. कोपऱ्यांना मालाची गोलाई देऊन वाटा मारून घ्या, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. फरशीवरून भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत न्या. थर ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळला पाहिजे. बरेच जण काठाशीच थांबतात. नंतर पुन्हा ४८ तास पाणी भरून ठेवा, टाईल लागण्याआधी. फरशीला मीटरमागे सव्वा ते दीड सेंटिमीटर उतार हवा.

खालच्या फ्लॅटच्या छतात भोकं पाडून केमिकल भरणारे येतात. त्यानं भेग बुजते, पण वरचं पाणी स्लॅबमध्येच अडकतं. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि मग काँक्रीटचे तुकडे पडतात. छतावर तपकिरी रेघा किंवा सळईच्या ओळीत भेग दिसली तर प्लंबर पुरे नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

भिंत वाळवणं

दुरुस्ती झाली की लगेच रंग नको. डागाच्या कडेपासून चारही बाजूंना फूटभर जास्त प्लास्टर विटेपर्यंत काढा आणि भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर क्षार परत आत जातात. पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा. अर्ध्या विटेच्या भिंतीलाही वाळायला काही आठवडे लागतात, जाड भिंतीला काही महिने. क्षार भरलेलं जुनं प्लास्टर तसंच ठेवलं तर गळती थांबूनही दर पावसाळ्यात डाग दिसतो, कारण ते क्षार हवेतली आर्द्रता ओढतात. नवं प्लास्टर सिमेंटचं करा. जिप्समचं प्लास्टर या भिंतीला नको. पुट्टी आणि रंग अगदी शेवटी.

तळमजला आणि रो-हाऊस

इथे पाइप भरावात पुरलेले असतात. भराव बसला की पाइप झोपतो आणि सांधा उघडतो. फरशीच्या सांध्यांतून ओल वर येते, शहाबादी असेल तर लाद्या काळ्या पडतात. बाहेरच्या चेंबरची झाकणं उघडून आधी बघा. चेंबर तुंबलं असेल तर पाणी उलटं येऊन घराखाली मुरतं, आणि साफसफाईत प्रश्न मिटतो. स्वतःची टाकी असेल तर झोपताना तिच्यात येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर फरशी खणत पाइप शोधण्यापेक्षा नवी लाईन भिंतीवरून, छताच्या पातळीनं फिरवून आणणं स्वस्त पडतं.

खर्च कुणाचा

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज लाईन आणि पावसामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची असते. संडास, बाथरूम, सिंक अशा फ्लॅटमधल्या गळतीची संबंधित सभासदानं. म्हणूनच वरच्या चाचण्यांचे तारखेसह फोटो आणि रंगीत पाण्याचे व्हिडिओ जपून ठेवा. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. फ्लॅट नवा असेल तर स्थावर संपदा कायदा (रेरा), २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत दाखवून दिलेले बांधकामातले किंवा सेवांमधले दोष बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. त्या मुदतीत स्वतः फोडाफोड सुरू करण्याआधी त्याला लेखी कळवा, नाहीतर दोष तुमच्या प्लंबरवर ढकलला जातो.

आणि भिंत बंद करण्याआधी उघड्या पाइपांशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा: फरशीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर. हे फोटो मोबाइलमध्ये हरवतात, म्हणून छापून फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कुणीही त्या भिंतीत ड्रिल घालणार असेल तर आधी ती फाइल उघडायची.